पितळी टोपीवरचा शेंदूर

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. दिवाळी अंकासाठी संपादक मागतात म्हणून याआधी बरंच काही लिहून दिलं. अस्वलाने ओरबाडलेल्या माणसाची जखम डॉक्टर शिवत असताना कंदील धरणाऱ्यालाच भोवळ कशी आली, औषधाला लाल रंग दिला की रोगी लवकर का बरा होतो, असलं. वाचकांना ते आवडलं. पण ज्या गोष्टीसाठी खरं तर मी लेखणी हातात धरायला हवी होती, तिच्या भोवती एक फेरी मारून मी दर वेळी परत आलो.

यंदा नाइलाज झाला. सूनबाई मला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझं ब्लड प्रेशर पाहिलं, कपाळाला आठी घातली, उठून कपाटातून दुसरं यंत्र आणलं आणि पुन्हा पाहिलं. मग अगदी सहज म्हणाल्या, "आजोबा, हे आमचं जुनं यंत्र तपासायला पाठवायला पाहिजे. दोन्हींत फरक येतो आहे."

मला दरदरून घाम फुटला. बाई घाबरल्या. "अहो, तुमचं प्रेशर चांगलं आहे, काळजीचं कारण नाही," असं सांगून त्यांनी मला पाणी दिलं. काळजी माझ्या प्रेशरची नव्हतीच. दुसरं यंत्र काढून पाहायला त्यांना मिनिटही लागलं नाही. आम्हाला तोच फरक कळायला दोन हिवाळे लागले होते.

मी कंपाउंडर होतो. आता ही जात संपली, म्हणून सांगतो. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, आमची राजधानी नागपूर होती आणि गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होती. मूलला एका डॉक्टरांचा दवाखाना होता. पुढे समोरची खोली, मागे माझी. त्यांनी चिठ्ठीवर लिहायचं आणि मी पांढऱ्या खलात गोळ्या कुटायच्या, काचेच्या नळीने थेंब मोजायचे, बाटलीत पाणी भरायचं आणि डोस समजावेत म्हणून बाटलीला कात्रीने दाते पाडलेली कागदी पट्टी चिकटवायची. पट्टी सरळ चिकटवणारा कंपाउंडर तुम्हाला आज शोधून सापडणार नाही. माझी सरळ असायची. डॉक्टरांचं नाव देत नाही. माणूस सज्जन होता, आणि या गोष्टीत त्यांचा दोष माझ्यापेक्षा कमी आहे.

एका वर्षी त्यांनी नागपूरहून रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. आमच्या भागातल्या खाजगी दवाखान्यात तोवर असं यंत्र कोणी पाहिलं नव्हतं. लाकडी पेटी उघडली की झाकणाबरोबर काचेची एक नळी उभी राहायची. खाली पाऱ्याची डबी. दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबून पट्ट्यात हवा भरायची, की पारा नळीत चढायचा. मग हवा हळूहळू सोडायची. पारा उतरत असताना डॉक्टर कोपराच्या खोबणीत स्टेथास्कोप लावून ऐकायचे. नाडीचा ठोका ऐकू यायला लागला तो वरचा आकडा, आवाज बंद झाला तो खालचा. बस, एवढंच. आजही तत्त्व तेच आहे.

पण लोकांना त्या पाऱ्याचं वेड लागलं. बाजारच्या दिवशी माणसं काही दुखत नसताना यायची. "माह्या बुढीचा पारा पाहा ना जी, दिवसभर डोस्क्यात गेला राह्यते," असं म्हणत एक म्हातारा बायकोला हाताला धरून घेऊन आला होता. म्हातारीने लगेच सुनावलं, "आंधी याचा पाहा. माहा चढवला कोनं?" एका मालगुजाराने शेजाऱ्याचा आकडा विचारला आणि आपला त्याच्यापेक्षा कमी निघाला म्हणून तो फी देताना कुरकुरला. आणखी एकाने बैल आणून दारात उभा केला होता. डॉक्टरांनी त्याला हात जोडले.

यंत्राची देखभाल माझ्याकडे होती. डॉक्टर रोज सकाळी एवढंच पाहायचे की हवा नसताना पारा बरोबर शून्यावर आहे ना. तो नेहमी शून्यावरच असायचा. त्यामुळे यंत्राबद्दल शंका घ्यायचं कारण त्यांना कधी मिळालं नाही.

आता माझं सांगतो. माझे वडील लोहार. दसऱ्याला ते ऐरण, हातोडा, सांडशी धुऊन मांडत आणि तेलात कालवलेला शेंदूर प्रत्येकाला लावत. आमच्या घरात हत्याराची पूजा इतर कुठल्याही पूजेपेक्षा मोठी. हातोड्याने वर्षभर पोट भरलं, तर त्याच्या कपाळाला एक बोट शेंदूर नको? मी दवाखान्यात लागलो तेव्हा माझी हत्यारं बदलली, पण बोट तेच राहिलं. खल, तराजू, सुया उकळायचं भांडं आणि मधोमध रक्तदाबाचं यंत्र, असं मी दसऱ्याला मांडायचो. यंत्राच्या नळीला वरच्या टोकाला एक पितळी टोपी होती. नळी उभी राहिली की ती अगदी यंत्राचं डोकं वाटायची. मी तिथे शेंदूर लावायचो. डॉक्टर हसून म्हणायचे, "नामदेव, यंत्राला देव केलंस होय रे!" पण नारळ तेच फोडायचे.

शिवाय पावसाळ्यात पितळेवर हिरवट चढायचं. ते मला खपत नसे. म्हणून मी ती टोपी दर आठवड्याला मोहाच्या बियांच्या तेलाने चोळून लखलखीत ठेवायचो. आमच्याकडे ते तेल घरोघर असतं. उन्हाळ्यात पातळ, हिवाळ्यात तुपासारखं गोठणारं. माझ्या यंत्रासारखं चकचकीत यंत्र चांद्याच्या मोठ्या दवाखान्यातही नसेल, असं मी लोकांना सांगायचो.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, "आपल्या भागात ब्लड प्रेशर फार दिसायला लागलंय." खरंच दिसत होतं. खोकल्यासाठी आलेल्याला, फोडासाठी आलेल्याला, सगळ्यांना. थंडीत प्रेशर वाढतं हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं आणि ते खोटंही नाही. त्यामुळे हिवाळ्यात आकडे वाढले तेव्हा ते चकित झाले नाहीत, त्यांना पुस्तकाची खात्री पटली. उन्हाळ्यात आकडे थोडे उतरायचे. तेव्हा ते म्हणायचे, "गोळ्या लागू पडल्या. आता सोडायच्या नाहीत."

आणखी एक गोष्ट होत होती. लोक ओरडायला लागले होते. "हात फुटून राह्यला जी साहेब! ढिल्ला करा!" डॉक्टर म्हणायचे, "अरे, अजून दीडशेवर पण गेला नाही पारा." मी रोग्याचा खांदा धरून म्हणायचो, "एवढा मोठा गडी अन् पट्ट्याला भितो?" आणि सगळी खोली हसायची. पारा पूर्वीपेक्षा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो हे मी रोज पाहत होतो. मला वाटायचं, यंत्र शांत झालं. नव्या सायकलची कुरकुर जाते तसं.

त्याच हिवाळ्यात डोमाजी आला.

डोमाजी वैनगंगेपलीकडच्या कोसमटोल्याचा आचारी. धानाची थोडी शेती होती, पण त्याचं नाव होतं ते लग्नाच्या रांधण्यासाठी. नदीच्या दोन्ही बाजूंना वराकडचे लोक आधी विचारायचे, "सैपाक डोमाजीचा हाये ना?" आणि मग तारीख धरायचे. तो वरणाच्या मोठ्या गंजापुढे, म्हणजे पातेल्यापुढे, उभा राहायचा, खडेमिठाची मूठ भरायचा, मूठ थोडी खालीवर करून अंदाज घ्यायचा आणि बोटांच्या फटीतून मीठ सोडत गंजाभोवती एक फेरी घालायचा. मग पळीतला एक थेंब हाताच्या पालथ्या बाजूवर घेऊन चाखायचा. दुसरी मूठ त्याला कधी भरावी लागली नाही. मी स्वतः पाहिलं आहे.

तो आला होता भाजलेलं बोट दाखवायला. डॉक्टरांनी मलम लिहिलं आणि आलाच आहेस तर पाहू म्हणून पट्टा बांधला. डोमाजी कळवळला. डॉक्टरांनी पाऱ्याकडे पाहिलं आणि गंभीर झाले. पुन्हा पाहिलं. तेच.

"डोमाजी, डोकं दुखतं का?"

"नाई जी."

"चक्कर?"

"नाई."

"मग हे फार वाईट. आतल्या आत वाढतंय आणि तुला पत्ता नाही."

असं बोलणं ऐकल्यावर धट्टाकट्टा माणूस कसा होतो ते मी त्या खुर्चीत पुष्कळदा पाहिलं आहे. डोमाजीने माझ्याकडे पाहिलं. "कंपोडरभाऊ, मरतो का मी?"

"पथ्य सांभाळलं तर काही होत नाही," मी म्हणालो.

पथ्य म्हणजे मीठ बंद. भाजीत नाही, भाकरीत नाही, चाखायलाही नाही. तेव्हा रक्तदाबावर औषधं फारशी नव्हती. सर्पगंधेच्या गोळ्या होत्या, झोपेच्या पुड्या होत्या आणि मीठ तोडणं होतं. सर्पगंधेने नाक चोंदतं, माणूस सुस्त होतो आणि काही जण मनाने पार खचतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी गोळ्या मोजून पुडीत बांधल्या आणि डोमाजीच्या हातात दिल्या.

त्याने पथ्य इतकं पाळलं की डॉक्टर दुसऱ्यांना त्याचं उदाहरण देत. त्याची बायको गिरजाबाई एकदा दवाखान्यात आली आणि माझ्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, "भाऊ, घरात दोन चुली झाल्या. मिठाच्या चुलीवरचा धूरही अंगावर घेत नाई हा मानूस. अन् हासत नाई. आंधी भांडत तरी होता."

"भांडत नाही हे चांगलंच आहे की," मी म्हणालो.

"तुमाले चांगलं. मले घर खायाले उठते."

पुढच्या लग्नसराईत नदीपलीकडे एका रोग्याच्या मुलीचं लग्न होतं. डॉक्टरांना बोलावणं होतं, त्यांनी मला पाठवलं. रांधायला डोमाजी. वाळलेला, गालफडं बसलेली, नाकाने सूं सूं करत तो गंजापुढे उभा होता. मला पाहून त्याने हात जोडले. मीठ टाकताना मात्र मिठाचीच धास्ती घेतल्यासारखी मूठ अर्धीच भरली, आणि नेहमीसारखा थेंब हातावर घेऊन जिभेला लावला. पथ्य लागल्यापासून तो चाखायचंही टाळत होता, पण वरपक्ष मोठा होता म्हणून त्या दिवशी त्याने तेवढं केलं. मान हलवली. पंगत बसली.

पहिला घास तोंडात गेला आणि पत्रावळींवरचे हात थांबले. मग एका टोकाकडून आवाज आला, "मीठ आना जी!" दुसऱ्या टोकाकडून, "इकडेही!" वराच्या काकाने पत्रावळ पुढे सरकवली. "आमी काय बिमार हावो? दवाखान्याचं वरन घालून राह्यले आमाले?"

मुलीचा बाप धावत गंजाकडे गेला. "डोमाजी, काय केलं हे?"

डोमाजीला काही समजेना. "काय झालं?"

"मीठच नाई ना वरनात!"

"नाई कसं? मले तं खारट लागून राह्यलं!"

कोणीतरी हसलं. मुलीच्या बापाने पळीभर वरण काढून त्याच्यापुढे धरलं. "चाखा. सगळ्यांपुढे चाखा."

डोमाजीने चाखलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पंगतीकडे पाहिलं, मग पुन्हा चाखलं. ज्या माणसाने कित्येक महिने मिठाचा कणही खाल्ला नाही त्याच्या जिभेला चिमूटभर मीठही मूठभर वाटतं. हे मला आज कळतं. त्याला कोण सांगणार? त्याच्यापुरतं ते वरण खारट होतं आणि साऱ्या मांडवापुरतं अळणी. त्याने मिठाच्या टोपलीत हात घातला, मूठ भरली, गंजावर नेली आणि ती मूठ तिथेच थांबली. उघडेचना. शेवटी त्याने बाजूच्या वाढप्याचा हात धरून मीठ त्याच्या ओंजळीत सोडलं. "तूच टाक बापा," तो म्हणाला. "मले समजून नाई राह्यलं."

त्यानंतर डोमाजीला कोणी रांधायला बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी तो गेला नसता.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी दुसरं यंत्र मागवलं. पहिलं बिघडलं म्हणून नाही. गावोगाव फिरताना सायकलवर न्यायला हलकं हवं होतं म्हणून. छोट्या रेल्वेने पार्सल आलं. मी खोकं फोडलं, डॉक्टरांनी हौसेने पट्टा आधी स्वतःच्याच दंडाला बांधला. इथे सांगायला हवं, की डॉक्टर स्वतःही दोन हिवाळ्यांपासून अळणी जेवत होते. स्वतःचं प्रेशर त्यांनी आमच्या यंत्रावरच पाहिलं होतं. लोणच्याशिवाय ज्यांचा घास उतरत नसे, त्यांच्या ताटातून लोणचं गेलं होतं.

त्यांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "हे पार्सल कुठेतरी आपटलेलं दिसतं."

"का साहेब?"

"नॉर्मल दाखवतंय."

मग माझं पाहिलं. नव्यावर एक आकडा, जुन्यावर त्याहून बराच मोठा. शेजारच्या न्हाव्याला बोलावलं. तसंच. न्हावी म्हणाला, "नव्या मशीननं हात नाई दुखला साहेब. अस्सल माल हाये." डॉक्टरांनी त्याला घालवून दिलं, दार लावलं, स्वतःच्या डाव्या दंडाला जुना पट्टा आणि उजव्या दंडाला नवा बांधायला मला सांगितलं. दोन्हींतली हवा एकदमच सोडली. नव्या नळीतला पारा हवेबरोबर खाली आला. जुन्या नळीतला वरच रेंगाळत राहिला, जणू त्याला खाली यायचं नव्हतंच.

डॉक्टर दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिले. पट्टे तसेच बांधलेले. मला वाटलं ते रागावतील. ते लहान मुलासारखे म्हणाले, "नामदेव, मी दोन हिवाळे लोणचं खाल्लं नाही रे."

मग त्यांच्या डोक्यात पुढची गोष्ट आली. ती त्यांच्या चेहऱ्यावर येताना मी पाहिली. "आणि बाकीचे?" ते म्हणाले. "किती जणांना गोळ्या दिल्या आपण?"

त्यांनी पट्टे सोडले, उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी जुनं यंत्र मागच्या खोलीत नेलं. पेचकसाने पितळी टोपी काढली. आयुष्यात पहिल्यांदाच. चकाकी बाहेरून देत आलो होतो, आत काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. टोपीला एक बारीक भोक असतं. त्याच्या खाली पातळ चामड्याची चकती. त्यातून हवा ये-जा करते, पारा बाहेर पडत नाही. पारा खाली यायचा तर वरून हवा आत आली पाहिजे. ते भोक नारिंगी रंगाने बुजलं होतं. चामडं गोठलेल्या तेलाने काळं, कडक झालं होतं. वरून थरावर थर. माझा शेंदूर, माझं तेल, माझे सगळे दसरे तिथे होते.

मी थेंब मोजायच्या नळीच्या वरच्या तोंडावर बोट दाबून धरायचो, म्हणजे थेंब पडायचा थांबत असे. हे काम मी दिवसातून वीस वेळा करायचो. वर बोट, की खालचं उतरत नाही. आणि मीच त्या पाऱ्याच्या नळीवर वर्षानुवर्षं बोट दाबून ठेवलं होतं, भक्तीने.

मी चकती स्पिरिटमध्ये टाकली, भोक सुईने मोकळं केलं आणि टोपी परत बसवली. डॉक्टर आत आले तेव्हा मी हात पुसत होतो.

"काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही साहेब. जुनं झालं."

"हं," ते म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला. ते यंत्र पुन्हा वापरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "लोकांना बोलवून सांगायचं ना?"

"काय सांगू? डॉक्टरचं यंत्र खोटं होतं? मग उद्या खरा हिवतापवाला येईल का इथे? सगळे पुजाऱ्याकडे जातील, झाडपाल्याकडे जातील. आणि मरतील. तुला पाहिजे ते?" मग ते म्हणाले, "एकेक जण येईल तसं पाहू. नव्या यंत्रावर नीट निघाला की गोळ्या हळूहळू कमी करू. बरे झालात म्हणून सांगू."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याचं पुढे काय झालं ते पाहा. रोगी यायचे, नवं यंत्र लागायचं, डॉक्टर म्हणायचे, "आता प्रेशर गेलं." आणि लोक त्यांच्या पाया पडायचे. जुनं, हट्टी ब्लड प्रेशर मुळासकट बरं करणारा डॉक्टर म्हणून त्यांची कीर्ती पार सिरोंच्यापर्यंत पोचली. तिकडून तेलुगू बोलणारी माणसं सोबत दुभाषा घेऊन यायला लागली. दवाखान्यात कोंबड्या, चारोळी, मधाच्या बाटल्या यायच्या. मी त्या घेऊन मागच्या खोलीत ठेवायचो.

डोमाजी आला तो लोणच्याची बरणी घेऊन. गोळ्या सुटून काही महिने झाले होते. गाल थोडे भरले होते. बरणी त्याने डॉक्टरांच्या पायाशी ठेवली आणि मग माझ्याकडे वळून माझेही पाय धरले. मी मागे सरकलो.

"काऊन सरकता जी? साहेबानं अन् तुमी माहा जीव वाचवला. यमाच्या दारातून वापस आनला."

"आता मीठ खातो ना?" डॉक्टरांनी खाली पाहतच विचारलं.

"खातो ना जी. गिरजा घालते तेवढं खातो. स्वता नाई घालत. तेवढी एक जीभ गेली माही, पर जीव राह्यला. जिभेचं काय एवढं?"

लोणच्यासाठी तळमळलेल्या डॉक्टरांनी ती बरणी उघडली नाही. ती फडताळावर राहिली. पावसाळा लागला तेव्हा वास आला म्हणून मी झाकण काढलं. वर बुरशीचा पांढरा जाड थर आला होता. लोणच्यात मीठ कमी पडलं की असं होतं. ते लोणचं डोमाजीने स्वतःच्या हाताने घातलं असणार. साहेबाकरता, प्रेमाने, कदाचित एवढ्याच एका वेळी धीर करून. मी ते मागच्या बाजूला खड्डा करून पुरलं आणि रिकामी बरणी घासून ठेवली. डॉक्टरांनी विचारलं, "संपलं का?" मी म्हणालो, "संपलं." त्यांनाही वास आला असणार.

पुढे डॉक्टर वारले. मी दुसरीकडे लागलो, मग तिथूनही निवृत्त झालो. डॉक्टर असेपर्यंत मी स्वतःला सांगायचो की त्यांच्या नावाखातर गप्प आहे. ते गेल्यावर ते कारणही उरलं नाही. तेव्हा एके दिवशी उठलो आणि डोंग्यात बसून नदीपलीकडे गेलो. डोंग्यात बसल्या बसल्या मी वाक्य तयार केलं. छोटं केलं, म्हणजे मध्ये अडखळायला नको. मनात म्हणून पाहिलं. बरोबर जमलं होतं.

डोमाजी म्हातारा झाला होता. मला पाहून एवढा हरखला की गिरजाबाईला चुलीवरून उठवलं आणि म्हणाला, "सरक. आज कंपोडरभाऊले मी रांधतो." तिने माझ्याकडे पाहिलं आणि उठली. मी म्हणालो, "डोमाजी, आधी बसा. मला एक सांगायचं आहे."

"जेवल्यावर सांगा जी. उपाशी मानसाचं कोन ऐकते?"

भात आला, वरण आलं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. मी पहिला घास घेतला. वरणात मीठ जवळजवळ नव्हतंच.

"कंपोडरभाऊ," तो म्हणाला, "खरं सांगजा. मीठ कसं हाये? घरचे लोक तं काईही सांगतात. तुमी दवाखान्याचे मानूस. औषध मोजनारे. तुमाले समजते."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लग्नाच्या मांडवात पळी हातात धरून त्याने माझ्याकडे जसं पाहिलं होतं, तसाच तो पाहत होता. माझं वाक्य ओठांशी आलं. आणि मी म्हणालो, "बरोबर आहे, डोमाजी. पहिल्यासारखं आहे."

तो मांडीवर थाप मारून ओरडला, "ऐकलं का वो! वापस आली माही जीभ! नातीच्या लग्नाचं आता मीच रांधतो. कोनी मधात पडाचं नाई!"

त्यानंतर काय सांगणार? जेवलो. ताटातला कणन् कण संपवला.

निघालो तेव्हा गिरजाबाई मला पोचवायला घाटापर्यंत आली. डोंगा समोरून येत होता.

"वरन म्याही चाखलं, भाऊ," ती म्हणाली. "खोटं काऊन बोलले?"

मी डोंग्याकडे पाहत राहिलो.

"चांगल्या मनानं बोलले, समजते मले. पर आता लग्नाच्या दिवशी त्याच्या मांगं मांगं फिरून मलेच मीठ टाका लागते. त्याले समजू न देता. समजलं तं पुन्हा खचन तो." तिने डोळ्यांवर पदर ओढला. "तुमाले काई सांगाचं होतं म्हने त्याले. राहूनच गेलं. मले सांगून ठेवा, मी सांगतो."

नाव काठाला लागली. नावाड्याने हात पुढे केला. मी पाय उचलला आणि मागे वळून पाहिलं. ती उभी होती, निरोप न्यायला तयार.

डोमाजी, तुम्हाला कधीच काही झालं नव्हतं. बिघडलं होतं ते आमचं यंत्र, आणि ते माझ्या हाताने बिघडलं होतं. मला माफ करा.

हे वाक्य मी जसं नेलं होतं तसंच घेऊन डोंग्यात बसलो.